हातचा

रात्री पावणेतीनला, पेट्रोल पंपाच्या मागे,
अँब्युलन्सचं इंजिन चालू ठेवून आम्ही बसतो.
बंद केलं तर सलाइनच्या पिशव्या गोठतील.
बाहेर उणे एकवीस. सरोवर दिसत नाही,
नुसता बर्फ तडकल्याचा आवाज,
लांब कुठेतरी कुणी कपाट सरकवतंय असा.

रॉय लिंडक्विस्ट सँडविच खाता खाता
डॅशबोर्डवरचे माझे कागद कोपराने बाजूला सारतो,
मोहरीचा डाग नको म्हणून.
"दोनच उरले?"
दोनच.

पहिला जाड, मेणासारखा गुळगुळीत.
फिलाडेल्फियात एक वर्ष.
वर्गात चोवीस जण, पहिल्याच दिवशी पांढरे कोट,
आणि शेवटी मेडिकल कॉलेजच्या दारापर्यंत
बोट धरून नेणारं कुणीतरी.
फी वाचून रॉय म्हणाला, एवढ्यात माझं छत होईल.
आणि खालचं घरही.

दुसरा मीच छापला, डेपोतल्या प्रिंटरवर.
शाई संपत आलेली, म्हणून गुरुवार फिकट.
पुलापलीकडचं सरकारी कॉलेज,
मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ऑरगॅनिक केमिस्ट्री,
लॅब नऊपर्यंत.
गाडी कुठे लावायची त्याचा नकाशा.
हमी कसलीच नाही.

माझी सरासरी दोन पॉइंट नऊ एक.
दहा वर्षं जागची हललेली नाही.
पाडायला तिला एक सत्र पुरलं.
उठवायचा हिशेब मी पाकिटाच्या मागे केलाय:
आठ विषय, आठही ए,
तरी तीनच्या जेमतेम वर.

ते सत्र म्हणजे सी, सी उणे, डी,
आणि एक विषय अर्ध्यात सोडलेला.
शुक्रवारी रात्री बसने घरी,
आईच्या भेगाळल्या टाचांना क्रीम,
सोमवारी पहाटे परत,
काचेवरच्या वाफेत बोटाने बेंझीनच्या कड्या काढत.
उजाडलं की त्या ओघळायच्या.

फिलाडेल्फियाच्या बाई फोनवर फार मायेने बोलल्या.
"हे लिहा ना. ताकद आहे यात.
समितीला अशी गोष्ट भावते."
मी हो म्हटलं. फोन ठेवला.
मग बराच वेळ स्टेथोस्कोपची नळी
बोटाला गुंडाळत, सोडत बसले.

आई गोष्ट नव्हती.
कॉफीत चिमूटभर मीठ टाकायची,
शेजारणीशी तीन वर्षं अबोला धरून होती,
आणि डॉक्टर हो, असं तिने मला कधीच सांगितलं नाही.
उलट म्हणाली, मार्लिस, दातांच्या दवाखान्यात लाग,
रात्रीची झोप मिळते.

पुलापलीकडे फोन उचलला बर्निस नावाच्या कुणीतरी.
तोंडात काहीतरी होतं तिच्या.
"सी उणे? बरं. मग तो विषय परत करावा लागेल.
टायर हिवाळ्याचे आहेत ना?
पुलावर वारा असतो."

रॉय म्हणतो, हा नुसता ताठा आहे तुझा,
लोक दार उघडून उभे आहेत आणि तू खिडकी शोधतेस.
असेल.
एकतिसाव्या वर्षी ताठा परवडतो का,
तेही पाकिटावर मांडून पाहिलं. उत्तर आलं नाही.

बेरीज शिकवताना आई म्हणायची,
हातचा एक वर लिही, बारीक, पेन्सिलीने.
उत्तरात तो कुणाला दिसत नाही.
पण विसरलीस,
तर पुढचं सगळं चुकतं.

रेडिओ खरखरला. पुरुष, बहात्तर, छातीत दुखतंय.
उरलेलं सँडविच रॉयने जाड कागदात गुंडाळलं,
मला न विचारता.
मी काही बोलले नाही.
वळणावर फिकट कागद घसरून पायाशी आला,
त्याच्यावर माझ्या बुटाचं ओलं उमटलं.

पाच वाजता, म्हातारा हॉस्पिटलात जिवंत पोचवून,
स्ट्रेचर पुसताना रॉय म्हणाला,
"मग मंगळवारची तुझी पाळी
कुणाच्या गळ्यात मारू?"